खेड्यात बांधकामाची ठेकेदारी सुरू करायची तर खरंच किती पैसे लागतात?

जोत्यापासून (सोमवार, रात्री ९:१०)

यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आजूबाजूला वीस-पंचवीस किलोमीटरचा टापू. पहिलं वर्ष खाजगी घरं, मग ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेची छोटी कामं, असा विचार आहे. सिव्हिलचा डिप्लोमा आहे. हातात ६ लाख. त्यातून केलेली यादी अशी:

हॉपरवाला मिक्सर १ लाख ६० हजार. ३ बाय २ च्या सेंट्रिंग प्लेटा (स्लॅब ओतताना खाली लावायच्या लोखंडी) २०० नग, २ लाख २० हजार. लोखंडी जॅक १०० नग, १ लाख. व्हायब्रेटर नीडलसकट १५ हजार. घमेली, फावडी, टिकास, ओळंबे, लेव्हल ट्यूब वगैरे २० हजार. कागदपत्रं आणि नोंदण्या १५ हजार. झाले ५ लाख ३० हजार. उरलेले ७० हजार रोजच्या खर्चाला.

यादीत काय कमी, काय जास्त? भाव आमच्याकडचे अंदाजे आहेत, त्यावर भांडू नका. 🙂

ओळंबा (सोमवार, रात्री ९:४८)

भाऊ, यादी बरोबर आहे, फक्त उलटी आहे. लोखंडात ५ लाख आणि रोकड ७० हजार. हे आकडे अदलाबदल करा.

मिक्सर भाड्याने मिळतो, प्लेटा भाड्याने मिळतात. बाजाराच्या दिवशी मजुरांना द्यायचा चुकारा मात्र कोणी भाड्याने देत नाही. साधा हिशेब करा. ८०० चौरस फुटाच्या घरावर २ मिस्त्री (८०० रोज), २ कुली (५००), २ रेजा (बाई मजूर, ४००). दिवसाचे ३,४००, सहा दिवसांचे २०,४००. दोन साइट एकदम धरल्या तर आठवड्याला ४०,८००. तुमचे ७० हजार दुसऱ्या बाजारालाच संपले. आणि जोता ते स्लॅब या मधल्या टप्प्यात मालकाकडून पैसा यायला पाच-सहा आठवडे सहज जातात.

ठेकेदार बुडतो तो बहुधा तोट्यात जाऊन नाही. येणं असतं, पण शनिवारी खिशात नसतं. एक चुकारा चुकला की सोमवारी मिस्त्री दुसऱ्याच्या भिंतीवर दिसतो.

घमेलंभर (सोमवार, रात्री १०:०२)

सत्तर हजारात ठेकेदारी? तेवढ्यात तं स्लॅबच्या दिवसाचं जेवणच होते राजेहो.

ओळंबा (सोमवार, रात्री १०:०५)

ते जेवण घरमालकाकडे असते. करारात लिहून घ्या, तिथंही भांडणं होतात.

दहा_सात (सोमवार, रात्री १०:३१)

ओळंबाभाऊंशी निम्माच सहमत. प्लेटा घेऊ नका, मान्य. पण मिक्सर घ्याच. मिक्सर स्वतःच्या साइटवर महिन्यातून दोन दिवस चालते, बाकीचे दिवस दुसऱ्याच्या स्लॅबवर भाडं आणते. चालवणारा आणि डिझेल वजा जाता एका स्लॅबमागे २ हजार सुटले तरी ८० स्लॅबांत मशीन फिटते.

आणि मशीन निवडताना एक पाहा. १०/७ म्हणजे १० घनफूट कोरडा माल आत, ७ घनफूट ओला बाहेर, एका गोणीचा घाणा. यापेक्षा मोठं खेड्यात नको, गल्लीत वळत नाही आणि ट्रॅक्टरमागे ओढताना रस्त्यावर डोलते.

ओळंबा (सोमवार, रात्री १०:५५)

८० स्लॅब म्हणजे किती वर्षं, तेही सांगा. एका तालुक्यात आधीच पाच-सहा मिक्सर असतात, आणि स्लॅबचा हंगाम नोव्हेंबर ते जूनचा पहिला आठवडा. नवीन माणसाला भाड्याचे ३० स्लॅब मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं. त्यात लिफ्टचा वायर रोप, ब्रेक लायनर, ड्रमची पाती, टायर. काम संपल्यावर दोन घमेली गिट्टी आणि पाणी टाकून पाच मिनिटं ड्रम फिरवला नाही तर आत माल चढतो. वर्षभरात ड्रम निम्मा होतो आणि मग लोक म्हणतात मशीन माल नीट कालवत नाही.

दहा_सात (सोमवार, रात्री ११:०४)

ड्रम धुण्याचं बरोबर बोलले. पण ऐन स्लॅबच्या दिवशी भाड्याचं मिक्सर आलंच नाही तर काय कराल तेही सांगा. सळाख बांधलेली, पंचवीस माणसं बसलेली, रोज चालू.

काळ्या_मातीतला (मंगळवार, सकाळी ७:२०)

दोघांचंही खरं. भाड्याने घ्यायचं तर दोन मिक्सरवाल्यांशी बोलणं ठेवा, आणि मिक्सर आदल्या संध्याकाळी साइटवर उभं पाहिजे. सकाळी "निघालो" हा शब्द चालत नाही.

मशीन मधेच बंद पडलं तर कुठं थांबायचं हे आधी ठरवून ठेवा. बीमच्या तोंडाशी थांबू नका. गाळ्याचे (दोन आधारांमधल्या अंतराचे) तीन भाग धरून मधल्या भागात उभी फळी लावून सरळ रेषेत थांबा. दुसऱ्या दिवशी ती कड तारेच्या ब्रशने खरवडून, पाणी मारून, सिमेंटचं पातळ पाणी देऊन मग पुढचा माल. जिथं हात पोचला तिथं उतरता सोडला की त्याच ओळीत पावसाळ्यात गळती.

आता मुख्य गोष्ट, जी यादीत नाही: पाया. वऱ्हाडात भाव चौरस फुटावर ठरतो आणि पाया त्यातच धरतात. काळी माती कुठं ४ फुटांवर संपते, कुठं ८ फुटांवर. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागते. १२ कॉलम, ५ बाय ५ चे खड्डे. खोली एक फूट वाढली की ३०० घनफूट म्हणजे ३ ब्रास खोदकाम वाढलं, शिवाय कॉलमची सळाख, रिंगा आणि काँक्रीट. दोन फूट वाढलं की तुमचा नफा खड्ड्यात, शब्दशः.

म्हणून करारात लिहायचं: "पाया जमिनीपासून ५ फुटांपर्यंत धरला आहे, त्याखाली प्रत्येक फुटाला अमुक दर." आणि भाव सांगण्याआधी एका कोपऱ्यात एक चाचणी-खड्डा खोदून बघायचा. दोन मजुरांचा एक दिवस लागतो.

जोत्यातली भरही विसरू नका. ८०० चौरस फूट, अडीच फूट उंच म्हणजे २,००० घनफूट, २० ब्रास. पण दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून २५ ब्रास मागवावा लागतो. खोदलेली काळी माती जोत्यात ढकलून वरून मुरुमाचा हात फिरवणारे आहेत. दोन वर्षांत फरशी पोकळ वाजते.

जोत्यापासून (मंगळवार, सकाळी ८:१५)

चाचणी-खड्डा लिहून घेतला. प्लेटांचं कोणी सविस्तर सांगेल का? २०० चा आकडा मी नुसता १,००० भागिले ६ करून वर थोडे धरून काढला.

गुनिया (मंगळवार, सकाळी ९:४०)

भागाकार बरोबर आहे. ३ बाय २ ची प्लेट ६ चौरस फूट, म्हणजे १,००० फुटाला १६७, आणि कोपरे-तुकडे धरून १८०-१९०. चूक वेगळीच आहे. प्लेटा किती दिवस अडकतात हे तुम्ही धरलं नाही.

आयएस ४५६ (काँक्रीट कामाचं भारतीय मानक) प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेके (खालचे आधार) ७ दिवस, त्यापेक्षा मोठ्या गाळ्याला १४ दिवस. ६ मीटरपर्यंतच्या बीमचे टेके १४ दिवस, त्यावर २१. हे साध्या ओपीसी सिमेंटचे दिवस आहेत. आपल्याकडे दुकानात बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) मिळते, तिला ताकद उशिरा येते, म्हणून यातही दिवस वाढवावे लागतात. बांधायला चार दिवस, खोलायला-धुवायला दोन दिवस. एक संच महिन्यात दीड स्लॅब करतो, फार तर. तुमच्या दोन साइट आहेत आणि दोन्हीकडे स्लॅब एकाच महिन्यात आला तर तरीही भाड्याने आणावंच लागणार. मग विकत घेतल्याचा उपयोग काय?

त्यापेक्षा सेंट्रिंगवाल्याला पोटठेका. मालकाशी भाव ठरवण्याआधी त्याच्याकडून चौरस फुटाचा भाव घ्या, प्लेटा, टेके, बांधणं-खोलणं सगळं धरून. फक्त दोन गोष्टी स्वतः बघा:

एक, प्लेटांच्या कडा. वाकलेल्या कडेतून सिमेंटचं पाणी गळून जातं, खाली गिट्टी उघडी पडते. फटीत सिमेंटच्या गोणीचा कागद कोंबतात, तो चालत नाही, टेप लावा. जळकं ऑइल लावू देऊ नका, छताला काळे डाग पडतात आणि प्लास्टर धरत नाही.

दुसरी, टेक्याखालची जागा. आतल्या भरीवर किंवा बाहेर मातीवर टेका उभा केला तर खाली लांब फळी हवीच. पहिले दोन दिवस काही होत नाही. मग तराई (स्लॅबवर पाणी धरणं) सुरू होते, पाणी खाली उतरते, माती मऊ होते आणि टेका अर्धा-पाऊण इंच बसतो. स्लॅबला पोट येते. लोक सळाखीला दोष देतात, दोषी असते ती टेक्याखालची नऊ इंचाची तोकडी फळी.

घमेलंभर (मंगळवार, सकाळी ९:५८)

पोट येणारी वस्तू तं ठेकेदारच असते असं वाटत होतं मले.

वैनगंगेकाठी (मंगळवार, दुपारी १२:१०)

😂

गुनियाभाऊ, कोणाला जुन्या प्लेटा घ्यायच्याच असतील तर तपासायच्या कशा?

गुनिया (मंगळवार, दुपारी १:३०)

वजन करा. ३ बाय २ ची चांगली प्लेट १५-१६ किलो भरते. ११-१२ भरली तर पत्रा पातळ, दहा स्लॅबांत वाकेल. कर्णावर दोरी ताणून पाहा, मध्ये बोट गेलं तर सोडून द्या. आतल्या पट्ट्यांची वेल्डिंग कोपऱ्यांत तुटलेली असते, उलटी करून बघा.

हिशेबाची_वही (मंगळवार, दुपारी ३:०५)

कागदपत्रांना १५ हजार पुरतील, पण कशाला काय लागतं ते नीट समजून घ्या.

उद्यम नोंदणी पूर्ण फुकट आहे. सेतूजवळच्या दुकानात तिचे हजार-दीड हजार घेतात, देऊ नका.

जीएसटी : सेवेला उलाढाल २० लाखांपर्यंत नोंदणी बंधनकारक नाही. त्याहून महत्त्वाचं, सुट्या राहत्या घराचं नवीन बांधकाम नुसत्या मजुरीवर केलं, म्हणजे माल मालकाचा, तर ती सेवा जीएसटीतून मुक्त आहे. घर अपार्टमेंटचा किंवा संकुलाचा भाग नको, आणि काम दुरुस्तीचं नको. म्हणजे पहिलं वर्ष लेबर रेटवर काढलं तर जीएसटीचा विषयच येत नाही. मालासकट ठेका घेतला आणि नोंदणी झाली की १८ टक्के. कंपोझिशन (उलाढालीवर ठोक दराची योजना) घेतली तर ६ टक्के, ५० लाखांच्या उलाढालीपर्यंत, पण मग सिमेंट-लोखंडावर भरलेला कर वजा मिळत नाही. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ झाला, तेव्हा जुने अंदाजपत्रक कोणी हातात दिलं तर ते तसंच वापरू नका.

पैसे शक्यतो बँकेतून घ्या. अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीत रोख जमेवर ८ टक्के नफा धरतात, बँकेतून आलेल्या जमेवर ६.

माणसं वाढली की १० कामगारांना ईएसआयसी, २० ला पीएफ. सरकारी कामात याचे पुरावे मागतात.

जोत्यापासून (मंगळवार, दुपारी ४:२०)

ताई, लेबर रेटची सूट माहीतच नव्हती. धन्यवाद. मग सरकारी कामाचं गणित कसं असतं?

हिशेबाची_वही (मंगळवार, सायंकाळी ६:४५)

१० लाखांचं काम, त्यावर १८ टक्के जीएसटी, बिल ११ लाख ८० हजारांचं. कपात अशी होते: जीएसटीचा टीडीएस २ टक्के (करार अडीच लाखांच्या वर असला की), २०,००० रुपये. आयकराचा टीडीएस वैयक्तिक ठेकेदाराला १ टक्का, १०,०००. बांधकाम कामगार उपकर १ टक्का, १०,०००. सुरक्षा अनामत निविदेप्रमाणे, ५ टक्के धरली तर ५०,०००. एकूण ९० हजार बाजूला. यातले टीडीएसचे ३० हजार तुमच्या खात्यात दिसतात, पुढं वापरता येतात. अनामत मिळते दोषदायित्वाचा काळ (कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत) संपल्यावर. उपकर गेला तो गेला, तो दर भरतानाच धरायचा.

आणि रॉयल्टी. गौण खनिजाचा दर ब्रासला ६०० रुपये आहे. रेती, गिट्टी, मुरूम मिळून ५० ब्रास वापरले आणि वाहतुकीचे पास जोडले नाहीत, तर ३० हजार बिलातून कापले जातात. तुम्ही खदानवाल्याला ते आधीच दिलेले असतात, म्हणजे दोनदा. पास ट्रॅक्टरवाल्याकडे राहतो आणि तो धुतलेल्या पँटच्या खिशात सापडतो. माल उतरला की पास हातात, मगच पैसे.

ओळंबा (मंगळवार, सायंकाळी ७:३०)

ताईंनी कपात सांगितली, मी उशीर सांगतो. काम मापात बसलं, मोजमाप पुस्तिकेत चढलं, बिल तयार झालं, तरी निधी आला नसेल तर ते फाइलमध्ये बसून राहतं. मार्चअखेरीस काही बिलं निघतात, काही पुढच्या वर्षावर जातात. म्हणून सरकारी काम घ्यायचं तर कामाच्या पूर्ण खर्चाएवढा पैसा सहा महिने अडकला तरी घर चालेल, एवढी तयारी हवी. ६ लाखांच्या माणसाने १० लाखांचं सरकारी काम पहिल्या वर्षी घेऊ नये.

डिप्लोमा आहे तर सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी मात्र आत्ताच करून ठेवा. विनानिविदा कामांचं वाटप ३३ टक्के मजूर संस्था, ३३ टक्के बेरोजगार अभियंते, ३४ टक्के खुले ठेकेदार असं होतं. नोंदणीला वेळ लागतो, ती पडून राहिली तरी बिघडत नाही. डिजिटल सही मात्र निविदा भरायची वेळ आली की घ्या, तिची मुदत संपते.

वैनगंगेकाठी (मंगळवार, रात्री ८:५०)

आणि बिलोचं (अंदाजपत्रकापेक्षा कमी दराने निविदा भरण्याचं) वेड लागू देऊ नका. २५ टक्के बिलो भरून काम घेणारा कुठं वाचवतो? सिमेंटमध्ये. आणि ते दोषदायित्वाच्या काळातच उघडं पडतं.

रेतीबद्दल थोडं. आमच्याकडे वैनगंगा, तुमच्याकडे पैनगंगा-वर्धा, पण भानगडी त्याच. १० जून ते ३० सप्टेंबर नदीतला उपसा बंद. त्या काळात भाव चढतो. जूनआधी रेती टाकून ठेवायची तर पासासकट. रात्रीची रेती स्वस्त पडते, पण ढीग तुमच्या साइटवर असतो आणि दंडाची नोटीस ढिगाला येते, ट्रॅक्टरला नाही. घरकुलवाल्यांना ५ ब्रास मोफत मिळते, त्यांच्याकडून ती विकत घेण्याचे उद्योग करू नका.

मोजून घ्या. ट्रॉलीवाला "एक ब्रास" म्हणतो. आत टेप लावा: ९ फूट लांब, साडेपाच रुंद, दीड उंच. ७४ घनफूट. ब्रास म्हणजे १००. चार ट्रॉल्यांत तुमचा एक ब्रास गेला. वरून रेती ओली असली तर फुगलेली असते, चौथाईपर्यंत. काचेच्या सरळ ग्लासात ओली रेती ८ बोटं भरा, पाणी ओतून ढवळा, बसू द्या. साडेसहा बोटांवर आली तर किती फुगली ते कळलं. हेच मोजमाप घमेल्यालाही लागतं. ओल्या रेतीचं प्रमाण कोरड्यासारखं धरलं तर माल जास्त सिमेंटचा होतो आणि सिमेंटचा हिशेब जुळत नाही, मग उगाच चौकीदारावर संशय.

सिमेंट_उधार (मंगळवार, रात्री ९:३५)

काहून एवढी रोकड पाहिजे म्हणता? दुकानदार उधार देते की. सगळे ठेकेदार उधारीवरच चालून राहिले.

ओळंबा (मंगळवार, रात्री ९:५२)

देतो ना. रोखीत ३८० ची गोणी उधारीत ४०० ला. ४५ दिवसांची उधारी. २० रुपये म्हणजे सव्वापाच टक्के, दीड महिन्याचे. वर्षाला बेचाळीस टक्क्यांच्या वर गेलं. सावकार तरी इतकं तोंडावर मागत नाही. आणि उधारीवाल्याला गोणीची तारीख विचारता येत नाही. मागच्या थप्पीतली तीन महिन्यांची गोणी आली तरी घ्यावी लागते. हात घालून गुठळी फुटते का बघा. बोटाने चुरली तर ठीक, नाही चुरली तर परत.

सिमेंट_उधार (मंगळवार, रात्री १०:०१)

हे टक्केवारीचं कधी काढलं नव्हतं. नाव बदलावं लागते आता.

खारपाण (बुधवार, सकाळी ६:५०)

एवढा धागा झाला, पाण्याचा एक पैसा कोणी धरला नाही.

१,००० फुटाचा स्लॅब ५ इंची, बीमसकट १४ घनमीटर धरा. एम २० प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे ८ गोण्यांच्या वर, एकूण ११३ गोण्या. गोणीला २५ लिटर म्हणजे कालवायलाच २,८०० लिटर. वर आळे बांधून २ इंच पाणी उभं करायचं तर ४,७०० लिटर. मे महिन्यात रोज सेंटीमीटरभर पाणी उडून जातं, म्हणजे रोज ९०० लिटरच्या वर नवीन. आळ्याची कड फुटली तर पुन्हा सगळं. १४ दिवसांचं गणित २० हजार लिटरपर्यंत जातं, म्हणजे ५ हजारी टँकर चार. ते मालकाचं की ठेकेदाराचं, हे करारात नसलं की तराई दोघंही टाळतात. ४५ अंशांत दुपारी कोरडा पडलेला स्लॅब संध्याकाळी ओला करून भरपाई होत नाही.

अकोला, अमरावती, बुलडाण्यातला पूर्णेचा पट्टा असेल तर आणखी एक. बोअरचं पाणी खारं. आरसीसीला पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत पाहिजे. खाऱ्या पाण्याने स्लॅब ओतला तर सुरुवातीला काही दिसत नाही. काही वर्षांनी छताला सळाखीच्या रेषेत तडे, मग पापुद्रे, मग गंज. बाटलीभर पाणी तपासून घ्यायचा खर्च किरकोळ आहे. यवतमाळात सहसा हा त्रास नाही, पण दारव्हा-नेरकडून पलीकडे अमरावतीत कामं घेतली तर लक्षात ठेवा.

काळ्या_मातीतला (बुधवार, सकाळी ७:१५)

+१. खाऱ्या पाण्याने तराईसुद्धा नको.

रेजा_कुली (बुधवार, दुपारी २:४०)

मजुरांबद्दल मघाशी कोणी तरी मिस्त्री ८००, रेजा ४०० लिहिलं. कुली ५०० आणि रेजा ४००, घमेलं मात्र सारखंच. असो.

खर्चात हे धरा: सेफ्टी बेल्ट, हेल्मेट, गमबूट (सिमेंटने पाय खातात), हातमोजे. आणि कामगार भरपाईचा विमा. ठरावीक माणसांच्या संख्येवर वर्षाची पॉलिसी मिळते. माणूस पडला तर "तो रोजंदारीचा होता" हे उत्तर चालत नाही, भरपाई ठेकेदारावर येते. सगळ्यात धोक्याचं काम पहिल्या मजल्यावर सळाख चढवण्याचं. १२ मीटरची सळाख उभी फिरवताना घरावरून गेलेल्या ११ केव्हीच्या तारेला लागते. घरावर तार असेल तर काम घेण्याआधी महावितरणला अर्ज, आणि सळाख खालीच कापून वर द्या. तात्पुरतं मीटर घ्या. आकडा टाकून व्हायब्रेटर चालवायचा नाही, ओल्या स्लॅबवर अनवाणी माणसं असतात.

कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ज्यांनी काम केलं त्यांना लगेच द्या, आठ चकरा मारायला लावू नका. ज्यांनी केलं नाही त्यांना देऊ नका, गावात मागणारे खूप येतील. हजेरीपट नीट असला की दोन्हीकडे उत्तर देता येते.

उचल देणार असाल तर वहीत अंगठा-सही घेऊन, आणि एका आठवड्याच्या रोजापेक्षा जास्त नको.

ओळंबा (बुधवार, दुपारी ३:१०)

बाई, रेजाच्या रोजाचं तुमचं बरोबर आहे. बाजारभाव लिहिला, समर्थन नाही.

जोत्यापासून (बुधवार, रात्री ९:२०)

सगळं वाचून यादी पुन्हा केली. व्हायब्रेटर १५ हजार. अवजारं, २०० लिटरचे ड्रम, पाइप, कव्हर ब्लॉकचे साचे मिळून ३५. विमा आणि सुरक्षेचं सामान २०. नोंदण्या आणि वर्षाची हिशेबनिशी १५. हे झाले ८५ हजार. खेळतं भांडवल ४ लाख. १ लाख १५ हजार वेगळ्या खात्यात, हात न लावण्याचे. मिक्सर, प्लेटा भाड्याने. पहिल्या दोन साइट लेबर रेटवर.

पैशाचे टप्पे: करारावेळी १०, जोता २५, लिंटल २५, स्लॅब २५, प्लास्टर १०, ताबा ५ टक्के. चालेल?

ओळंबा (बुधवार, रात्री ९:४४)

लिंटलला थोडे कमी, स्लॅबला जास्त. आणि स्लॅबचे निम्मे माल ओतण्याच्या आदल्या दिवशी, निम्मे ओतल्यावर. १०, २०, २०, ३०, १५, ५ करा. ओतलेला स्लॅब परत नेता येत नाही, हे मालकाला माहीत असते. ताब्याचे ५ टक्के मिळाले तर मिळाले, ते नफ्यात धरू नका.

अजून एक. टप्पा "झाला" म्हणजे काय ते लिहा. "जोता" म्हणजे प्लिंथ बीम ओतली, की आत मुरूम भरून ठोकून झाला? या एका शब्दावर २५ ब्रासांचा वाद होतो.

काळ्या_मातीतला (बुधवार, रात्री १०:०५)

सुरू कधी करताय? अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरू नका. खड्डे मे मध्ये झाले आणि जूनला पहिला पाऊस पडला की काळ्या मातीची भिंत खड्ड्यात बसते, सळाखीसकट उपसावी लागते.

जोत्यापासून (बुधवार, रात्री १०:१२)

मग दसरा?

रेजा_कुली (बुधवार, रात्री १०:२०)

दसऱ्याला सोयाबीनची कापणी. मजूर कुठून आणता? पाठोपाठ कापूस वेचणी. किलोवर पैसे मिळतात, घमेलं उचलायला कोण येईल?

वैनगंगेकाठी (बुधवार, रात्री १०:२६)

पहिला वेचा झाल्यावर मिस्त्री तरी मोकळे असतात. तोवर चाचणी-खड्डे आणि करार उरकून घ्या. पाया नोव्हेंबरच्या शेवटी, स्लॅब जानेवारीत. उन्हाळ्याआधी तराई संपते.

दहा_सात (बुधवार, रात्री १०:४१)

जानेवारीत स्लॅब असेल तर मिक्सर दारव्ह्याला पाठवू शकतो. तारीख पंधरा दिवस आधी सांगा. ड्रम धुऊन देत असाल तर २०० कमी.